पर्याय भरायला लावण्याआधी आम्हाला अभ्यासक्रम दाखवा: मराठवाड्यातील विद्यापीठांच्या कुलगुरूंना आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
तसेच संलग्न व स्वायत्त महाविद्यालयांचे मा. प्राचार्य

स. न. वि. वि.

मी जिंतूर तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बारावीचा निकाल लागला की पार पोळ्यापर्यंत माझ्या घरी मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची ये-जा असते. प्रश्न बहुतेक एकच: "मॅडम, दोन्हीकडं नंबर लागतोय. कुठं टाकावं लेकराला?" मी शिक्षिका आहे म्हणजे मला माहीत असणार, असं त्यांना वाटतं. पण खरं उत्तर देण्यासाठी जी माहिती हाताशी लागते, ती आपण आमच्यापर्यंत कधी पोहोचू दिलेलीच नाही. यंदा हाच प्रश्न माझ्या घरात आला. आता गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी यंदा बारावी झाली. घरी कोरडवाहू रान, सोयाबीन आणि कापूस. तिला केंद्रीय प्रवेश फेरीत मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळते आहे. त्याच आठवड्यात पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाने तिला कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सला जागा देऊ केली. आगाऊ रक्कम भरून जागा पक्की करा, असे फोन सुरू झाले. तिचे वडील म्हणतात, पुणं बरं, तिथं पोरं लवकर नोकरीला लागतात. बहीण म्हणते, पोरगी जवळ असलेली बरी. आणि मुलगी मला विचारते, "मावशी, इलेक्ट्रिकलमध्ये चार वर्षं नेमकं काय शिकवतात? आणि ते एआयचं त्याच्यापेक्षा किती वेगळं असतं?"

घरातल्या सगळ्या चर्चेत हा एकच प्रश्न शिक्षणाबद्दल होता. त्याचं उत्तर मिळवायला आम्ही दोघी त्या जवळच्या महाविद्यालयात गेलो. कार्यालयात फीची पावती कशी निघते आणि कागदपत्रं कोणती लागतात हे नीट सांगितलं गेलं. अभ्यासक्रम विचारला तर "वेबसाईटवर आहे" असं उत्तर आलं. वेबसाईटवर जुन्या पॅटर्नचा अभ्यासक्रम होता. शिक्षकांच्या यादीत निवृत्त झालेल्या एका सरांचं नाव अजून होतं. प्रयोगशाळा बघायची म्हटलं तर ती बंद होती, आणि दाखवायला कुणी नव्हतं. पुण्याकडच्या विद्यापीठाला फोनवर विचारलं की तिसऱ्या वर्षाला कोणते विषय असतात, तर गेल्या वर्षीचं सगळ्यात मोठं पॅकेज किती होतं ते सांगितलं गेलं. चार वर्षांची फी लेखी पाठवा म्हटलं, ती आजतागायत आलेली नाही.

म्हणजे एकाने काही सांगितलं नाही, आणि दुसऱ्याने विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगितलं. ही गत एका घराची नाही. म्हणून आता एकेक तक्रार मांडते.

पहिली तक्रार अशी, की आमच्या मुलांच्या हातात निवडीसाठी कट-ऑफशिवाय दुसरं काहीच नसतं. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत ३०० पर्यंत पर्याय, म्हणजे कोणतं महाविद्यालय आणि कोणती शाखा हे पसंतीच्या क्रमाने, भरता येतात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर ती जागा घ्यावीच लागते. नाही घेतली तर मूल पुढच्या केंद्रीय फेऱ्यांतून बाहेर पडतं. इतका पक्का निर्णय, आणि तो घेतला जातो कुठे, तर तालुक्याच्या गावी नेट कॅफेत, गेल्या वर्षीच्या कट-ऑफची यादी शेजारी ठेवून. कॅफेवाला मुलाचे पर्सेंटाईल बघतो आणि वरून खाली नावं भरत जातो. त्याला दोष देत नाही, त्याच्याकडेही तेवढीच यादी आहे. पण कट-ऑफ हा मागणीचा आकडा आहे. गेल्या वर्षी ती जागा किती मुलांना हवी होती एवढंच तो सांगतो. तिथे शिकवतात कसं, हे तो सांगत नाही. ज्या शाखेची हवा आहे तिचा कट-ऑफ चढतो, चढलेला कट-ऑफ बघून पुढची मुलं तीच शाखा भरतात, आणि हवा आणखी वाढते. या फेऱ्यात विद्युत, यंत्र, स्थापत्य या शाखांकडे पाठ फिरते, ती त्यांची माहिती घेऊन झाल्यावर फिरलेली नसते.

दुसरी तक्रार अभ्यासक्रमाबद्दल आहे आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. शाखेच्या नावाखाली आत काय आहे हे आपण मराठीत, साध्या भाषेत कुठेही लिहून ठेवलेलं नाही. मी भाचीला काय सांगितलं ते इथे लिहिते, कारण हे सांगणं आपलं काम होतं. अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना बरंचसं सारखं असतं: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आलेखन, प्रोग्रॅमिंगची ओळख. त्यानंतर संगणक अभियांत्रिकी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या दोन शाखांत डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे मूळचे विषय सामाईकच असतात; फरक पडतो तो मुख्यतः पुढच्या वर्षांतल्या काही विषयांत आणि ऐच्छिक पेपरांत. त्या फरकाच्या विषयांना संभाव्यता, संख्याशास्त्र आणि मॅट्रिक्स यांचा भक्कम पाया लागतो. विद्युत अभियांत्रिकीत सर्किट, विद्युत यंत्रं, पॉवर सिस्टिम, कंट्रोल सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स येतं, आणि गणित तिथेही लागतंच. बारावीला प्रत्यावर्ती धारेचा (एसी करंटचा) जो धडा आहे, तो करताना ज्या मुलीला मजा आली, तिला या शाखेत करमेल. जिने तो गाळून बाकीच्या धड्यांवर मार्क मिळवले, तिने दोनदा विचार करावा.

हे मी सांगू शकले, कारण मी तो धडा शिकवते. ज्या घरात मावशी भौतिकशास्त्राची शिक्षिका नाही, त्या घराने काय करायचं? तिथे "एआयला स्कोप आहे" या एका वाक्यावर चार वर्षं आणि बापाचं कर्ज ठरतं. २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) काढून टाकली. जागा वाढल्या की शिक्षक, संगणक, प्रयोगशाळा त्या प्रमाणात वाढल्या का, हे विचारायचा हक्क त्या जागेवर बसणाऱ्या मुलाला आहे. त्याच वर्षापासून बीबीए, बीसीएसारखे अभ्यासक्रमही एआयसीटीईच्या कक्षेत आले, राज्यात त्यांना सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, लागली, आणि मग याच धर्तीचे अभ्यासक्रम वेगळ्या नावांनी, सीईटीशिवाय दिसू लागले. गावाकडच्या मुलाला या दोन्हींतला फरक कुणी समजावून सांगितला? माझ्याकडे आलेल्यांपैकी तरी कुणाला नाही.

पदवी कुणाची मिळणार, हेही धड ठाऊक नसतं. मराठवाड्यातली कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयं आज रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ वेगळं. शिवाय काही महाविद्यालयं स्वायत्त आहेत: अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवी मात्र विद्यापीठाची. स्वायत्त म्हणजे चांगलं की वाईट, असं पालक मला विचारतात. पेपर कोण काढतं, तपासतं कोण, आणि नापास झालेल्याला पुन्हा संधी कधी मिळते, यावर ते अवलंबून आहे, असं मी सांगते. पुढचं सांगायला माझ्याकडे माहिती नसते.

आता बीएस्सी, बीए, बीकॉमचं. नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालं. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे विषय, असा नवा साचा आला. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथ्या वर्षी ऑनर्स करायचं, हा पर्यायही आला. हे सगळं चांगल्या हेतूने आलं आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण प्रवेश घेणाऱ्या मुलीला हे सांगा, की मुख्य विषय कधी ठरतो आणि नंतर बदलता येतो का. चौथं वर्ष याच महाविद्यालयात आहे की त्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागेल, हेही सांगा. कागदावर ऐच्छिक विषयांची लांब यादी असते. त्यातला शिक्षक ज्या विषयाला आहे तोच विषय वर्गात उघडतो. आमच्या शाळेची माजी विद्यार्थिनी सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायचं म्हणून एका महाविद्यालयात गेली आणि मुलं कमी म्हणून विषय सुरूच झाला नाही. तोवर बाकीकडचे प्रवेश संपले होते.

क्रेडिट म्हणजे काय, हे तर कुणी सांगतच नाही. क्रेडिट म्हणजे शिकण्याचे तास मोजायचं माप. हिशेब अवघड नाही. सिद्धांताच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. सत्राला साधारण २२ क्रेडिट. समजा त्यांतले १४ सिद्धांताचे आणि ८ प्रात्यक्षिकांचे, तर २१० आणि २४० मिळून ४५० तास होतात. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ३० तास. म्हणजे सोमवार ते शनिवार रोज ५ तास वर्गात किंवा प्रयोगशाळेत. मी हा हिशेब फळ्यावर मांडते तेव्हा मुलं चकित होतात, कारण त्यांच्या मोठ्या भावाबहिणींनी कॉलेज म्हणजे दिवसाला दोन तास आणि परीक्षेआधी घाईघाईने उरकलेली प्रात्यक्षिकं एवढंच पाहिलेलं असतं. जिंतूरहून परभणीला एसटीने जायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. रोज ये-जा करून ३० तास पूर्ण करायचे असतील तर मुलीने खोली करायची की पास काढायचा, हा त्या घराच्या खर्चाचा प्रश्न आहे. आणि ते तास प्रत्यक्षात होणारच नसतील, तर तेही आधी कळू द्या.

तास होणार की नाही, हे शिक्षकांवर ठरतं. ही तिसरी तक्रार. अनेक विभाग आज तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणाऱ्या, शिक्षकांच्या जिवावर चालतात. ही माणसं नेट-सेट, पीएचडी झालेली आहेत, माझे काही जुने विद्यार्थी त्यांत आहेत. त्यांच्या शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांची नेमणूक सत्र सुरू होऊन बरेच दिवस गेल्यावर होते, मानधन महिनोन्‌महिने रखडतं, आणि पुढच्या वर्षी ते तिथे असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसतं. अशा विभागात प्रवेश घेणाऱ्या मुलाला पहिला महिना रिकामा जाणार, हे आधी कळायला हवं. भरती शासनाच्या हाती आहे हे मला मान्य आहे. पण कोणत्या विभागात किती पदं मंजूर, किती भरलेली आणि किती तासिका तत्त्वावर, हे जाहीर करायला शासनाची परवानगी लागत नाही.

चौथी तक्रार पैशांची. फीच्या फलकावर पहिल्या वर्षाचं शिक्षण शुल्क दिसतं. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस हे एकेक करून नंतर पुढे येतं. आमच्याकडे पैसा दिवाळीच्या आसपास, सोयाबीन-कापूस विकल्यावर हातात येतो. प्रवेश असतात ऐन पेरणीच्या दिवसांत, जेव्हा बी-बियाणं आणि खतासाठी घर आधीच पीककर्जावर आलेलं असतं. चार वर्षांचा आकडा आधी कळला तर बाप ठरवू शकतो. दर वर्षी नवा आकडा कळला तर तो फक्त उसनवारी करू शकतो.

यातलीच एक गोष्ट मी ठळकपणे लिहिते, कारण ती न कळल्यामुळे मुलींचं नुकसान होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या सवलतीतून वगळलेली आहेत. माझ्या भाचीच्या दोन जागांमधला सगळ्यात मोठा फरक हाच होता, आणि तो आम्हाला दोन्ही ठिकाणी कुणीही सांगितला नाही. उलट पुण्याकडून फोनवर "स्कॉलरशिप मिळेल" असं सांगितलं गेलं. खोदून विचारल्यावर कळलं, की ती त्यांचीच पहिल्या वर्षापुरती सूट आहे. बहिणीने शासनाची शिष्यवृत्ती समजून होकार दिला असता.

पाचवी तक्रार छोटी आहे. प्रवेश रद्द करणाऱ्या मुलांचे मूळ दाखले अडवू नका. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता येत नाहीत, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ च्या अधिसूचनेत सांगितलेलं आहे. २०२४-२५ साठी तर ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत १,००० रुपयांहून जास्त कपात नाही, असं धोरणच जाहीर केलं होतं. तरीही आमच्या एका विद्यार्थ्याला टीसी हवी असेल तर उरलेल्या वर्षांची फी भर, असं एका संस्थेत तोंडी सांगितलं गेलं. तो पोरगा चांगल्या ठिकाणी मिळालेली जागा सोडून तिथेच राहिला.

सहावी तक्रार निकालाची. बसस्थानकाबाहेर मोठे फलक लागतात, एका मुलाचा फोटो आणि त्याचं पॅकेज. त्या मुलाचं मला कौतुक आहे. पण त्याच्यासोबत प्रवेश घेतलेल्या बाकीच्यांचं काय झालं? किती जण नेमून दिलेल्या वर्षांत पास झाले, किती जणांनी मध्येच सोडलं, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शैक्षणिक संस्थांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था ठरलेल्या वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांची संख्या, नोकरी लागलेल्यांची संख्या आणि पगाराचा मध्यांक दर वर्षी भरूनच देतात. म्हणजे माहिती आपल्याकडे तयार आहे. दिल्लीला पाठवता येते, तर जिंतूरला, भूमला, किनवटलाही पाठवता येईल.

मा. कुलगुरू महोदय, हा प्रदेश शिक्षणासाठी किती लांब चालत आला आहे हे आपल्याला मी सांगावं असं नाही. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणाला हैदराबाद गाठावं लागे, उस्मानिया विद्यापीठात. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं, आणि १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिदिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ. ज्यांच्या घरात आधी कुणी पदवीधर नव्हता, त्यांच्यासाठी या संस्था उभ्या राहिल्या. अशा घरातल्या मुलाला विचारायला भाऊ नसतो, ओळखीचा प्राध्यापक नसतो. त्याच्याशी विद्यापीठाने स्वतःहून बोलायला हवं. बारावीपर्यंत मुलांना कसं घडवायचं हे लातूरने साऱ्या राज्याला दाखवलं. बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं तयारीला लातूर-नांदेडला येतात. तीच आमची मुलं बारावीनंतरच्या दोन आठवड्यांत मात्र ऐकीव गोष्टींवर आयुष्य ठरवतात.

हे अशक्य नाही, याचं एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या आणि संलग्न महाविद्यालयांतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कार्यानुभवासाठी खेड्यात राहावं लागतं. कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून ही मुलं गावात येतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. त्यामुळे बीएस्सी ॲग्रीला काय शिकवतात, असं आमच्या वर्गात विचारलं तर निम्मी मुलं बऱ्यापैकी उत्तर देतात, कारण त्यांनी ते शिकणारी माणसं आपल्या बांधावर पाहिलेली असतात. फिजिओथेरपी, फार्मसी, विद्युत अभियांत्रिकी, संख्याशास्त्र यांबद्दल विचारलं तर वर्ग गप्प होतो. नीटमध्ये एमबीबीएस हुकलेल्या मुलांसमोर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, पशुवैद्यक अशी सगळी दारं एकदम उघडतात, आणि कुठल्या दारामागे काय आहे हे त्यांना माहीत नसतं. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज, शेंद्रा, बिडकीनला कारखाने आहेत, तिथे यंत्र आणि विद्युत शाखेच्या माणसांची रोज गरज असते. पण तिथला अभियंता दिवसभर काय काम करतो हे आमच्या मुलांना सांगायला आजवर कुणी आलेलं नाही.

मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक अभ्यासक्रमाचं दोन पानी माहितीपत्रक मराठीत काढा, प्राचार्यांच्या सहीचं, दर वर्षी नव्या तारखेचं. शेतकऱ्याच्या हातात बियाण्याची पिशवी येते तेव्हा तिच्यावर उगवणक्षमता, लॉट नंबर, तपासणीची तारीख छापलेली असते. १९६६ चा बियाणे कायदा ते बंधनकारक करतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमावर निदान एवढं तरी लिहिलेलं असावं: संलग्नता कुणाशी, पदवी कुणाची, सत्रवार विषय आणि तास, प्रत्यक्ष उघडणारे ऐच्छिक विषय, शिकवण्याची भाषा, मंजूर आणि भरलेली पदं, एका संगणकावर किंवा प्रयोगाच्या एका टेबलावर किती मुलं, मागच्या तीन वर्षांत प्रवेश किती आणि वेळेत पास किती, नोकरी लागलेल्यांची संख्या आणि पगाराचा मध्यांक, सगळ्या वर्षांचा सगळा खर्च, लागू असलेल्या आणि लागू नसलेल्या शिष्यवृत्त्या, मुलींच्या वसतिगृहातल्या जागा.

विद्यापीठाने ही पत्रकं एका ठिकाणी, जिल्हावार लावावीत आणि तपासावीत. पत्रकात खोटं आढळलं तर संलग्नता पुढे चालू ठेवताना त्याची दखल घ्यावी. मराठीत मागते आहे ते इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. निर्णय आईवडिलांच्या साक्षीने होतो, त्यांनाही ते वाचता आलं पाहिजे.

महाविद्यालयांनी बारावीच्या परीक्षा संपल्यावर, आपले वर्ग अजून चालू असताना, निदान दोन दिवस दारं उघडी ठेवावीत. चालू तासाला मागच्या बाकावर बसू द्या, प्रयोगशाळा बघू द्या, तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी शिक्षक जवळ नसताना बोलू द्या. जी मुलं येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी कृषीदूतांसारखे आपले विद्यार्थी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत पाठवा. जागा, फळा आणि चहा आम्ही देऊ. या कामासाठी त्या विद्यार्थ्यांना क्रेडिट देता आलं तर उत्तमच. समाजाशी जोडून घेण्याचे विषय नव्या साच्यात आहेतच.

मूळ दाखले आणि फी परतीचा नियम प्रवेश खिडकीच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लावा, तक्रार कुणाकडे करायची त्या पदासह.

केंद्रीय प्रवेश फेऱ्या घेणाऱ्या राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाकडे (सीईटी सेलकडे) आपण आपल्या सहीने एक शिफारस करावी, की पर्याय भरण्याच्या पानावर प्रत्येक महाविद्यालयाच्या नावापुढे हे पत्रक उघडता यावं, आणि पर्याय भरायला निदान एक पूर्ण आठवडा मिळावा, ज्यात रविवार असेल. रानातल्या माणसाला आठवड्याच्या बाजाराच्या आणि सुटीच्या दिवशीच तालुक्याला येता येतं.

आपल्या पुढच्या विद्या परिषदेच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पुढच्या वर्षीच्या बारावीच्या निकालाआधी पत्रकं निघावीत, एवढी मुदत मी मागते आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे यातली बरीच माहिती सार्वजनिक संस्थांनी स्वतःहून जाहीर करायचीच आहे. तोवर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातले आम्ही काही शिक्षक जवळच्या प्रत्येक महाविद्यालयाला वरचेच प्रश्न लेखी पाठवणार आहोत. जी उत्तरं येतील ती संस्थेच्या नावासह, जशीच्या तशी सूचना फलकावर लावू. ज्यांचं उत्तर येणार नाही, त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवू. ज्या पालकांपर्यंत हे पत्र पोहोचेल त्यांनी फी भरण्याआधी हेच प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावं.

माझ्या भाचीला जागा स्वीकारायला अजून थोडे दिवस आहेत. ज्या महाविद्यालयात आम्ही जाऊन आलो, तिथल्या प्राचार्यांनी हे वाचलं तर विद्युत विभागाची प्रयोगशाळा एकदा उघडून दाखवावी आणि सत्रवार विषयांची नवी यादी द्यावी. ती पुन्हा यायला तयार आहे.

आपली,
जिंतूर तालुक्यातील एक भौतिकशास्त्र शिक्षिका